वीजविरहित स्वर आणि सच्चेपणाचा प्रश्न

रॉक संगीताच्या जगात गेल्या साडेतीन दशकांत एक प्रथा चांगलीच रुजली आहे. एरवी विजेच्या गिटारी, ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि ड्रमचा गदारोळ यांच्या बळावर हजारोंचा समुदाय हलवून सोडणारा एखादा वाद्यवृंद आपलीच गाणी साध्या लाकडी गिटारीवर, मोजक्या साथीने, बैठ्या मैफलीत सादर करतो. अशा प्रयोगाला 'अनप्लग्ड' किंवा 'अकूस्टिक' म्हणतात. तो ऐकून बाहेर पडणाऱ्या रसिकाचा अभिप्राय बहुधा एकच असतो : गाणे आज खरे कळले. या अभिप्रायात एक सिद्धान्त दडलेला आहे. गाण्याला एक गाभा असतो, त्यावर आवरणे चढलेली असतात, ती दूर केली की गाभा दिसतो आणि जो दिसतो तोच खरा, असा हा सिद्धान्त. तो संगीतापुरता राहत नाही. पद, वेश, शिष्टाचार, भाषेचे अलंकार बाजूला सारले की खरा माणूस दिसतो, असे आपण माणसाविषयीही समजतो. त्यामुळे एका करमणुकीच्या प्रकाराविषयीचा हा प्रश्न नीतीच्या प्रांतात शिरतो. कमी केल्याने सत्य हाती लागते काय?

या प्रश्नाचा विचार करायला बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हे ठिकाण सोयीचे आहे. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर युरेशियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीप्रधान वसाहत म्हणून ते वसले आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव त्याला मिळाले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले आणि पाहता पाहता कौलारू घरांच्या या शांत गावाचे देशभरच्या अभियंत्यांचे उपनगर झाले. पुण्या-नाशिकाकडून, सोलापूर-कोल्हापुराकडून गेलेली मराठी मुलेमुलीही त्यांत आहेत. ज्या शहराचे हे उपनगर, त्या बंगळूरला रॉक संगीताची जुनी ओढ आहे. 'थर्मल अँड अ क्वार्टर' हा तेथील वाद्यवृंद १९९६ पासूनचा. पॅलेस ग्राउंड्सवर २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटॅलिका यांचे कार्यक्रम झाले, तेव्हा दूरदूरच्या शहरांतून तरुण तेथे लोटले होते. व्हाइटफील्डमध्ये मात्र संगीताला मिळाल्या त्या जागा लहान आहेत. २०११ मध्ये सुरू झालेले 'जागृती' हे सुमारे दोनशे आसनांचे नाट्यगृह मुख्यतः नाटकांचे. संगीताचे कार्यक्रमही तेथे होतात. 'विंडमिल्स क्राफ्टवर्क्स' या मद्यगृहात गाण्यासाठी खास दालन आहे आणि भिंतींना लागून पुस्तकांची कपाटे आहेत. मैदान गाजवणारा वाद्यवृंद अशा दालनात आला की त्याला आवाज उतरवावाच लागतो. चार हातांवर बसलेल्या माणसाच्या कानावर मैदानातला आवाज घालता येत नाही.

येथेच पहिली शंका उद्भवते. आवाज उतरवण्यामागे कलावंताची सत्यशोधनाची ओढ असते, की निव्वळ सोय? ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवर निर्बंध घातले आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली. बंगळुरात थेट संगीताला परवाना आवश्यक ठरवणारा २००५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये वैध ठरवला आणि त्यानंतर अनेक उपाहारगृहांतले गाणे थांबले. शेजाऱ्याला झोपेचा हक्क आहे, तो अमान्य करता येत नाही. शिवाय दोन गिटारी आणि एक कहोन, म्हणजे वादक जिच्यावर बसून हाताने वाजवतो ती पोकळ लाकडी पेटी, एवढ्यावर कार्यक्रम होत असेल तर गाडी लहान लागते, माणसे कमी लागतात, रंगमंचाची मांडणी तासाभरात होते. तेव्हा ज्याला रसिक अंतःकरणाची भाषा म्हणतो त्यामागे कायदा, भाडे आणि जागेची अडचण यांचाही हात असतो. हे सांगण्यात कलेचा अधिक्षेप नाही. अडचणीतून कलेला नवा आकार मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत होती, म्हणून आपल्या ख्यालगायकांना रागाचा अर्क थोडक्यात मांडण्याची युक्ती शोधावी लागली. इतकेच, की आकाराचे कारण आणि आकाराचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सोयीला सद्गुणाचे नाव देण्याची घाई करू नये.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. या प्रयोगांत वीज खरोखर नाहीशी होते काय? 'एमटीव्ही' या अमेरिकन वाहिनीने १९८९ मध्ये 'अनप्लग्ड' ही मालिका सुरू केली आणि हा शब्द जगभर गेला. भारतीय आवृत्ती २०११ मध्ये आली. त्या मालिकेत गायकासमोर ध्वनिक्षेपक होताच, लाकडी गिटारीचा नादही यंत्रातूनच श्रोत्यापर्यंत पोहोचत होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्क येथे 'निर्वाणा' या वाद्यवृंदाने केलेला प्रयोग या प्रकाराचा मानदंड मानला जातो. त्यातही कर्ट कोबेनची गिटार ध्वनिवर्धकाला जोडलेली होती. म्हणजे वीज गेली नाही, दिसेनाशी झाली. साधेपणाचे दर्शन घडवायलाही यंत्रणा लागते आणि ती झाकण्याचे कौशल्यही लागते.

मराठी रसिकाला याची दुसरी बाजू अधिक सहज उमजेल. वीज खरोखरच नव्हती तेव्हा आपल्याकडे गाणे कसे होते? १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेपर्यंत गायले. त्या गाण्याला कुजबुजीची मुभा नव्हती. आवाज कमावलेला, फेकीचा, भरदार असावा लागे. पुढे नभोवाणी आली, ध्वनिक्षेपक आला आणि मगच हळू आवाजात, कानाशी बोलल्यासारखे गाणे शक्य झाले. १९३० च्या दशकात ग. ना. जोशी यांच्या तबकड्यांनी आणि पुढे गजानन वाटवे यांच्या कार्यक्रमांनी मराठी भावगीत घरोघर नेले. कवितेतील शब्दाला जपणारा तो मृदू, बोलका स्वर यंत्राच्या आधारानेच वाढला. ज्या जवळिकीला आपण यंत्रपूर्व, आदिम, निसर्गदत्त मानतो, ती बऱ्याच अंशी यंत्राची देणगी आहे. वीज काढून घेतल्यावर खरा स्वर उरतो असे म्हणणाऱ्याने हा इतिहास डोळ्यांआड केलेला असतो. खरोखरच वीज काढली तर हळुवार गाणारा गायक तिसऱ्या रांगेलाही ऐकू जाणार नाही.

मग आवरण आणि गाभा या रूपकाचे काय करायचे? आपल्या काव्यशास्त्राने या रूपकाची चिकित्सा फार पूर्वी केली आहे. अलंकार म्हणजे शरीरावर घातलेले दागिने, हवे तेव्हा काढून ठेवता येतील असे, हा समज आरंभीच्या आलंकारिकांच्या विवेचनातून रूढ झाला. आनंदवर्धनाने नवव्या शतकात त्याला मर्यादा घातली. जो अलंकार रसाच्या ओघातच, वेगळ्या खटाटोपावाचून अवतरतो, तोच त्याला खरा अलंकार वाटला. 'वक्रोक्तिजीवित'कार कुंतकाने तर याहून पुढचे पाऊल टाकले. अलंकार आणि अलंकार्य ही फोड आपण विवेचनाच्या सोयीसाठी करतो. काव्य असते ते सालंकारच, असे त्याचे म्हणणे. हा विचार रॉक संगीताला लावून पाहावा. विजेच्या गिटारीत तारेचे कंपन चुंबक आणि वेटोळे यांच्या योगाने विद्युतसंकेतात बदलते. तो संकेत वर्धकाच्या क्षमतेपलीकडे ढकलला की स्वराची कड फाटते, त्यात खरखर येते आणि तो लांबत राहतो. ही खरखर मुळात यंत्राचा दोष होती. रॉकने त्या दोषाची भाषा केली. चीड, गुदमर, उन्माद, एकटेपणातून गर्दीत झेपावण्याची तडफड हे सारे त्या फाटलेल्या स्वरातच बोलले गेले. तो गोंगाट बाजूला सारून आत गाणे शोधणे म्हणजे लावणीतली ढोलकी आवरण मानून आतली लावणी शोधण्यासारखे आहे. पॅलेस ग्राउंड्सवर ज्या तरुणांनी छातीत घुमणारा ध्वनी अनुभवला, त्यांचा अनुभव लहान दालनातल्या श्रोत्याच्या अनुभवाहून कमी खरा होता, असे म्हणण्याला आधार नाही.

तरीही त्या अभिप्रायात काहीच तथ्य नाही असे म्हणून प्रश्न मिटत नाही. काही वीजविरहित प्रयोग खरोखरच मनाचा ठाव घेतात आणि काही केवळ चव कमी केलेल्या जेवणासारखे लागतात. हा भेद कशाने पडतो? एरिक क्लॅप्टन यांचे 'लैला' हे गाणे १९७० मधले. विजेच्या गिटारींच्या आवेगी आकृतीने सुरू होणारे, अप्राप्य स्त्रीसाठी केलेले ते पंचविशीतल्या पुरुषाचे आर्जव होते. १९९२ च्या जानेवारीत क्लॅप्टन यांनी ते 'अनप्लग्ड'साठी गायले तेव्हा लय संथ झाली, स्वर खाली आला, ती प्रसिद्ध आकृती आणि शेवटचा लांबलचक पियानोचा भाग गळला. गाण्याचा बोलणाराच बदलला. आर्जवाची जागा आठवणीने घेतली. पहिल्या रूपातून काही वजा करून हे दुसरे रूप मिळालेले नाही; त्यासाठी पहिल्याचा पुनर्विचार करावा लागला. भाषांतरकाराला हा अनुभव परिचयाचा असतो. चांगले भाषांतर मुळाची छाटणी करून होत नाही, नव्या भाषेत ते पुन्हा बोलावे लागते. लाकडी गिटारीचा स्वर लवकर विरतो. त्यामुळे लांबवलेल्या स्वरावर उभी असलेली रचना तेथे कोसळते. तिला नवे भराव, नवा ठेका, विरामांची नवी जाण लागते. हे काम ज्यांनी केले त्यांचे गाणे उभे राहिले. 'निर्वाणा'ने तर आपले सर्वांत गाजलेले गाणे त्या दिवशी टाळले आणि चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची गायली. त्या प्रयोगाला सच्चेपणाची कीर्ती लाभली, त्यात 'स्वतःला उघडे करणे' या कल्पनेत न बसणारी ही निवड आहे. स्वतःकडे येण्यासाठी त्यांनी परक्या शब्दांचा आधार घेतला होता.

मुळाचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. नाशिकला जन्मलेले आणि म्हैसूरला वाढलेले रघु दीक्षित यांच्या २००८ च्या ध्वनिसंग्रहात शिशुनाळ शरीफ यांची पदे आहेत. शरीफ हे एकोणिसाव्या शतकातले कन्नड संतकवी. त्यांची पदे एकतारीवर गायिली गेली, पुढे सी. अश्वथ यांनी ती भावगीताच्या वळणाने घरोघर पोहोचवली आणि मग दीक्षित यांनी त्यांना विजेच्या वाद्यांचा साज चढवला. समजा, त्यांनी तेच पद केवळ एका गिटारीवर गायले, तर ते आवरण काढणे होईल, की गिटार हेच एक नवे आवरण ठरेल? याउलट बॉब डिलन यांनी जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात विजेची गिटार हाती घेतली तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी निषेध केला आणि पुढच्या वर्षी मँचेस्टर येथे एकाने त्यांना ज्यूडास म्हणून हाक मारली. लोकसंगीताच्या त्या निष्ठावंतांना लाकडी गिटार म्हणजे सत्य आणि वीज म्हणजे द्रोह वाटला. सत्याला अशा रीतीने वाद्याच्या जातीशी बांधून टाकले की ते सत्य राहत नाही, सोवळे होते.

जवळिकीचेही तसेच आहे. महाराष्ट्रात फडाची लावणी आणि बैठकीची लावणी असे दोन प्रकार नांदले. फडावर ढोलकी कडाडते, नर्तकी उभ्याने नाचते, समुदाय शिट्ट्यांनी दाद देतो. बैठकीत गायिका बसून गाते, एकेका ओळीवर नाना परींनी अदा करते, भुवईच्या हालचालीलाही अर्थ असतो. यमुनाबाई वाईकर यांनी हा बैठकीचा प्रकार जिवंत ठेवला. १९१५ मध्ये जन्मलेल्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये. बैठकीची लावणी ही फडाच्या लावणीचे शुद्ध रूप आहे असे जाणकार म्हणणार नाही. ती वेगळी विद्या आहे. आणि तिच्या जवळिकीविषयी भाबडे राहण्याचेही कारण नाही. ती जवळीक धनवंतांनी पैसे मोजून घेतलेली होती. समोर बसलेल्याला गायिका जितकी जवळ होती, तितकीच ती त्याच्या इच्छेच्या टप्प्यात होती. व्हाइटफील्डच्या दालनातली जवळीकही तिकिटाने मिळते. कलावंताचा थकवा, त्याचे दुःख, त्याचा कापरा आवाज हेही विक्रीचे जिन्नस होऊ शकतात. कोबेनच्या मृत्यूनंतर, १९९४ च्या अखेरीस, त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. लिली आणि मेणबत्त्यांनी सजवलेल्या त्या रंगमंचात लोकांना मृत्यूची पूर्वसूचना दिसू लागली आणि गाण्यापेक्षा जखम अधिक ऐकली गेली. एखाद्याने स्वतःला उघडे करावे अशी मागणी करताना त्याच्याकडून आपण काय मागत आहोत, हा प्रश्न रसिकाने स्वतःला विचारायला हवा.

तेव्हा या प्रयोगांचे खरे मोल कशात आहे? मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये आत्मनिष्ठेला मध्यवर्ती स्थान दिले. लेखकाने आपल्या अनुभवाशी प्रामाणिक असणे ही त्यांच्या दृष्टीने पहिली अट होती. आत्मनिष्ठेचा अर्थ पुष्कळदा आत्मप्रदर्शन असा केला जातो. तसे करणे चूक आहे. निष्ठा म्हणजे बांधिलकी आणि बांधिलकीत उत्तर देण्याची तयारी असते. मैदानातल्या गदारोळात चुकलेला स्वर गर्दीत मिसळून जातो. चार हातांवरच्या श्रोत्यासमोर तो गायकाच्या नावावर जमा होतो. श्वास कोठे घेतला, शब्द कोठे गिळला, अर्थ न कळताच कोणती ओळ म्हटली हे कळते. तेथे गायक आपल्या शब्दांना उत्तरदायी होतो. वीस वर्षांपूर्वी संतापाने लिहिलेली ओळ आज या वयात, या आवाजात, डोळ्यांत पाहून म्हणता येईल काय, असा प्रश्न त्याला पडतो. ती म्हणता आली तर ती पुन्हा त्याची होते. आली नाही तर बदलावी किंवा सोडावी लागते.

आणि हे उत्तरदायित्व एकतर्फी नसते. मैदानातल्या श्रोत्याला ओरडण्याचा हक्क आहे. त्याच्या ओरडण्याने गाणे मोठेच होते. लहान दालनात पेल्याचा आवाज, कुजबुज, हातातल्या फोनचा उजेड यांपैकी काहीही गाणे मोडू शकते. शांतता हा तेथील श्रोत्याचा वाटा असतो आणि तो त्याने उचलला नाही तर प्रयोग अपुरा राहतो. 'आज गाणे खरे कळले' असे तो म्हणतो, तेव्हा त्यातला काही भाग त्याच्या स्वतःच्या ऐकण्याविषयी असतो. गाण्यावरची आवरणे दूर झाली म्हणून ते कळले असे त्याला वाटते. वस्तुतः त्याने स्वतः मध्येच बोलायचे सोडले होते, म्हणूनही ते कळलेले असते.

माणसाविषयीची आपली समजूतही या प्रकाशात तपासून पाहण्यासारखी आहे. सर्व उपाध्या उतरवून ठेवलेला माणूस हाच खरा माणूस, हे विधान ऐकायला उदात्त वाटते. पण शिक्षक वर्गात बोलतो, आई स्वयंपाकघरात बोलते, न्यायाधीश आसनावरून बोलतो, त्या बोलण्यातही ती माणसे खरीच असतात. ती काय बोलली याचा जाब त्यांना विचारता आला की झाले. उलट एकांतात, हळू आवाजात, अगदी जवळ येऊन खोटे बोलणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सच्चेपणा आवाजाच्या पट्टीवर अवलंबून नसतो. लहान दालनातला लाकडी गिटारीचा प्रयोग आपल्याला सत्याच्या अधिक जवळ नेतो असे नाही. तो आपल्याला एकमेकांच्या इतके जवळ बसवतो की तेथे फसवणे आणि फसणे दोन्ही अवघड व्हावे. अवघड, अशक्य नव्हे. बाकीचे गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने करायचे असते.